वादळात चाललेली तालीम : जामिया मिल्लियाची पहिली सत्तावीस वर्षे



देशात काही गडबड सुरू झाली, की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते, "आधी वातावरण निवळू दे, मग मुलांच्या शिक्षणाचे बघू." असे म्हणणारा माणूस आळशी नसतो, मुलांची काळजी वाटते म्हणूनच तो तसे म्हणतो. परंतु वातावरण निवळण्याची वाट पाहिली असती, तर जी संस्था जन्मालाच आली नसती, तिची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवावयाची आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे नाव आज सर्वांना माहीत आहे. सन १९८८ पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे. पण तिच्या आरंभीच्या सत्तावीस वर्षांची गोष्ट आपल्या मुलांना फारशी सांगितली जात नाही.

सन १९२० मध्ये खिलाफत आणि असहकार या दोन चळवळी एकत्र आल्या होत्या. १२ ऑक्टोबरला महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढच्या कॉलेजात आले व सरकारी मदतीवर चालणारे शिक्षण सोडा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना आवाहन केले. कॉलेजचे विश्वस्त सरकारी अनुदान सोडावयास तयार झाले नाहीत. तेव्हा काही विद्यार्थी आणि तरुण शिक्षक स्वतःच बाहेर पडले. त्यांत तेवीस वर्षांचे झाकिर हुसेन होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथेच शैखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते नव्या संस्थेची स्थापना झाली. मौलाना माल्टाच्या कैदेतून नुकतेच सुटून आले होते आणि अत्यंत आजारी होते. त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखविले. महिन्याभरातच त्यांचे निधन झाले. वर्ग तंबूंत आणि भाड्याच्या घरांत भरू लागले. हकीम अजमल खान पहिले कुलपती आणि मौलाना मुहम्मद अली पहिले कुलगुरू झाले.

येथपर्यंतची गोष्ट उत्साहाची आहे. चळवळीच्या भरात शाळा काढणे फारसे अवघड नसते. खरी कसोटी लागते ती चळवळ ओसरल्यावर. सन १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्याच्या प्रकारानंतर गांधीजींनी असहकार स्थगित केला. मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कस्तानानेच खिलाफत रद्द केली. ज्या कारणासाठी ही मुले कॉलेज सोडून आली होती, ते कारणच नाहीसे झाले, आणि त्यामागोमाग खिलाफत कमिटीकडून येणारा पैसाही आटला. आता ही संस्था बंद करावी, असे अनेक समजूतदार लोक म्हणू लागले. हकीमसाहेबांनी ते मानले नाही. पैशाचीच अडचण असेल तर आपण भिक्षापात्र घेऊन फिरू, असे गांधीजींनीही कळविले. सन १९२५ मध्ये संस्था अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत हलविण्यात आली.

या सुमारास झाकिर हुसेन बर्लिनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. तेथे त्यांनी एक गोष्ट केली, जी मला फार महत्त्वाची वाटते. घरची चळवळ कोसळत होती, मायदेशाहून येणारी प्रत्येक बातमी वाईट होती. आणि हा तरुण बर्लिनच्या काव्यानी छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम शिकत होता! तेथून त्यांनी गालिबच्या दीवानाची एक देखणी छोटी आवृत्ती काढली आणि तिच्यासाठी काही खिळे स्वतःच्या हाताने जुळविले. कोणी म्हणेल, ही काय वेळ होती? वेळ हीच होती. जामिया बंद होण्याची भाषा त्यांच्या कानी आली, तेव्हा आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब या दोन मित्रांसह आपण येऊन काम करू, असे त्यांनी कळविले. सन १९२६ च्या आरंभी तिघे दिल्लीस पोहोचले आणि एकोणतीसाव्या वर्षी झाकिर हुसेन जामियाचे कुलगुरू झाले.

कुलगुरू म्हटल्यावर डोळ्यांपुढे बंगला आणि शिपाई येतात. येथे परिस्थिती अशी, की त्यांनी स्वतःचा पगार शंभर रुपयांच्या आत आणून ठेवला, आणि तोही वेळेवर मिळत नसे. डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान वारले आणि संस्थेचा मोठा आधार तुटला. तेव्हा १९२८ मध्ये शिक्षकांनीच एक मंडळ स्थापन करून संस्थेचा भार आपल्या खांद्यावर घेतला. वीस वर्षे, किंवा मरेपर्यंत, महिना दीडशे रुपयांहून अधिक न घेता सेवा करू, अशी त्यांनी प्रतिज्ञा केली. या प्रतिज्ञेचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. प्रतिज्ञेखाली सह्या पुरुषांच्या होत्या. पगार थकलेल्या महिन्यांत चूल पेटती ठेवण्याचे काम मात्र त्यांच्या बायकांना करावे लागले. त्यांचे हे काम आपल्या स्मरणिकेत तरी नोंदलेले असावे.

आता या उपाशी संस्थेने काय केले ते पाहा. मुलांसाठी 'पयामे तालीम' हे मासिक सुरू केले. करोलबागेतील कामकरी लोकांसाठी रात्रीचे वर्ग काढले. प्राथमिक शाळेत मुलांच्या हाती त्यांची स्वतःची बँक आणि दुकान सोपविले. हिशेब मुलांनी ठेवायचा, चूकही मुलांनीच शोधायची. पाठांतराच्या त्या जमान्यात हा प्रकार नवलाचाच होता. झाकिरसाहेब स्वतः मुलांसाठी गोष्टी लिहीत. 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांतली सर्वांत गाजलेली. दाव्याला बांधून राहण्यापेक्षा डोंगरावर जाणारी आणि लांडग्याशी रात्रभर झुंजणारी ती बकरी पहाटे मरते, पण हरली असे वाचणाऱ्याला वाटत नाही. गोष्ट मुलांची खरी; गुलामीतल्या त्या काळात तिचा अर्थ मोठ्यांनाही कळत होता.

सन १९३३ मध्ये गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाची एक जर्मन ज्यू बाई या मित्रांच्या ओळखीने जामियात आली. तिच्या देशात त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. तिने बालकमंदिर आणि लहान मुलांचे वसतिगृह सांभाळले. मुले तिला 'आपाजान' म्हणत. सन १९४३ मध्ये ती वारली. तिची कबर जामियाच्या कबरस्तानातच आहे.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याच्या माळावर नव्या इमारतीची पायाभरणी झाली. एवढे पुढारी ओळखीचे असताना पायाचा दगड बसविला तो शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने, अब्दुल अझीझने.

तुम्ही विचाराल, मग हे लोक राजकारणापासून दूर पळाले का? नाही. सन १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी सरळ नियम केला. ज्याला तुरुंगात जायचे असेल त्याने खुशाल जावे, पण स्वतःच्या नावावर. शाळा मात्र चालू राहील. काही शिक्षक गेलेही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलाविली. हस्तोद्योगातून शाळेने आपला खर्च स्वतः भागवावा, या कल्पनेतील धोके झाकिरसाहेबांनी तेथे गांधीजींच्या समोरच स्पष्टपणे मांडले. आणि गांधीजींनी नव्या योजनेच्या समितीचे अध्यक्ष त्यांनाच केले! पुढे मुस्लिम लीगने या योजनेवर कडाडून टीका केली. दोन्हीकडून बोल खाण्याची सवय जामियावाल्यांना लवकरच लागली.

नोव्हेंबर १९४६ मधील रौप्यमहोत्सवाचा प्रसंग तर विलक्षण आहे. कलकत्ता, नोआखाली, बिहार येथे रक्त सांडत होते. दिल्लीतही भीती होती. काँग्रेस आणि लीग यांचे पुढारी एकमेकांशी धड बोलत नव्हते. त्या दिवशी जामियाच्या एकाच व्यासपीठावर पंडित नेहरू, मौलाना आझाद, राजाजी, महंमदअली जिना आणि लियाकत अली खान बसले होते. झाकिरसाहेबांनी त्यांची स्तुती केली नाही. बाहेर द्वेषाची आग लागली असताना आम्ही मुलांची बाग कशी फुलवावी, हे त्यांनी पुढाऱ्यांनाच विचारले आणि ही आग विझवा, अशी विनवणी केली. आग विझली नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरला जात असताना जालंधर स्टेशनवर झाकिरसाहेब जमावाच्या हाती सापडले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी यांच्यामुळे त्यांचा जीव वाचला. सप्टेंबरमध्ये दिल्ली पेटली. ओखल्याला शिक्षक आणि विद्यार्थी रात्र रात्र पहारा देत. आसपासच्या गावांत धूर दिसे. गांधीजी दिल्लीस आल्याबरोबर जामियात येऊन गेले. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे हजारो निर्वासित मुसलमान चिखलात पडले होते, त्यांच्या छावण्यांत जामियाची मंडळी कामाला लागली. पुष्कळ कुटुंबे त्या छावण्यांतून पाकिस्तानच्या गाडीत बसली. झाकिर हुसेन, आबिद हुसेन, मुजीब गेले नाहीत. सन १९४८ मध्ये झाकिरसाहेबांना अलीगढ सांभाळावयास जावे लागले, तेव्हा मुजीबांनी जामिया हाती घेतली आणि पुढे पंचवीस वर्षे ती चालविली.

एक गोष्ट राहिली. शाळा ओखल्याला गेल्या तरी जामियाचे पुस्तक प्रकाशन, म्हणजे मकतबा जामिया, करोलबागेतच राहिले होते. सप्टेंबर १९४७ मध्ये जमावाने ते लुटले आणि जाळले. वीस वर्षांत छापलेली पुस्तके, बालवाङ्मय, सारे राख झाले. ज्या हातांनी ते उभारले होते, त्यांनीच ते पुन्हा उभे केले. मुंबईतही जे. जे. इस्पितळाजवळ प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये मकतब्याची शाखा निघाली. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी आणि आजोबांनी तेथून उर्दू पुस्तके आणली असतील. आज घरी गेल्यावर जुन्या कपाटात पाहा. एखाद्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकावर मकतबा जामियाचे नाव सापडले, तर ते मुलांना दाखवा आणि त्या दुकानाचे काय झाले होते तेही सांगा.