आवासदान आणि घरकुलाची यादी

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त आहार व औषध यांबरोबर आवासाचीही दानात गणना केली आहे. ते विवेचन त्यागीजनांच्या वैयावृत्त्याचे असले, तरी निवाऱ्याची महती त्यातून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळात निराधारांच्या निवाऱ्याचे मोठे कार्य शासनाने हाती घेतले. 1985-86 मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. गरजू अनेक आणि निधी मर्यादित; म्हणून दारिद्र्यरेषेच्या 2002 च्या सर्वेक्षणावरून कायम प्रतीक्षा यादी करून ती ग्रामपंचायतीत लावण्याची पद्धत आली. 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजनेने 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेचा आधार घेतला आणि नावांची पडताळणी ग्रामसभेकडे सोपविली. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजनाही आहे.

हरसूलसारख्या आदिवासी भागात यादीचा प्रश्न अधिक बिकट होतो. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे द्राक्षबागांत मजुरीस जातात. पाहणीच्या दिवशी दाराला कुलूप असले, तर गरजूचेच नाव सुटण्याचा धोका असतो. भूमिहीनाचे तर नाव लागूनही घर उभे राहत नाही. त्यासाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे जागा खरेदीस अर्थसाहाय्याची योजना आणली.

समाजबांधवांनी केवळ देणगी देऊन थांबू नये. ग्रामसभेस उपस्थित राहावे, यादी वाचावी, बाहेरगावी गेलेल्यांची आठवण करून द्यावी. चोख वही हा जसा व्यापाराचा आधार, तशी चोख यादी हा गरिबाचा आधार. सुटलेले एक नाव नोंदविणे, हेही आवासदानच होय.