जुनी पल्सर उचलत नाही? कार्बोरेटरमधला रबरी पडदा तपासा

नागपूरच्या रस्त्यांवर आजही जुन्या पल्सर १५० आणि १८० डीटीएस-आय सर्रास दिसतात. या बाईकमध्ये बजाजने व्हॅक्यूमवर चालणारा, म्हणजे सीव्ही कार्बोरेटर दिला होता.

साध्या कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटरची केबल थेट स्लाइड उचलते. एकदम रेस दिली की हवा झपकन आत घुसते, पेट्रोल मागे राहतं आणि इंजिन अडखळतं. सीव्हीमध्ये केबल फक्त एक गोल झडप फिरवते. हवेचा वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. स्लाइडच्या तळातल्या छिद्रातून हा कमी दाब रबरी पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या वर पोहोचतो. पडद्याखाली मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो. या फरकामुळे स्लाइड वर सरकते, सोबत सुई उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. मूठ कितीही पिळा, स्लाइड इंजिनाला झेपेल तेवढीच उघडते. याने ताकद वाढत नाही, पण पिकअप सलग मिळतो.

पडद्याला चीर गेली की व्हॅक्यूम टिकत नाही. गाडी स्टार्ट होते, आयडलिंगही ठीक (ते पेट्रोल वेगळ्या जेटमधून येतं), पण उड्डाणपूल चढताना दम टाकते. क्लच घसरत असेल तर आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही. पडदा फाटला असेल तर आरपीएमच चढत नाही. त्यामुळे इंजिन खोलण्याआधी मेकॅनिकला कार्बोरेटरचं वरचं झाकण काढून पडदा उजेडात धरायला सांगा. आणि हो, सफाईचा स्प्रे पडद्यावर मारू देऊ नका, रबर फुगतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. तेव्हापासूनच्या बहुतेक बाईकमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा पडदाच नसतो.