रहदारी आणि वहिवाट

‘रहदारी’ हा शब्द आपण आज वाहनांच्या वर्दळीसाठी सर्रास योजत असलो, तरी फारसीतून तो मराठीत आला तेव्हा रस्त्याची राखण आणि त्या राखणीपोटी वाटसरूंकडून घ्यावयाचे हशील असे दोन्ही अर्थ त्याच्या पोटात नांदत होते. रस्ता म्हणजे केवळ जाण्यायेण्याची भूमी नव्हे, तर कोणी, केव्हा आणि कोणत्या अटीवर जावे याचा बंदोबस्त होय, ही जाणीव त्या शब्दातच होती. नाशिकच्या गर्दीचा इतिहास चाळू लागले म्हणजे हा विस्मृत अर्थ पुनःपुन्हा आठवतो.

गोदावरीकाठच्या टेकड्यांवर वसलेले हे क्षेत्र मुळात पायी चालणाऱ्यांचे. भद्रकाली, सराफ बाजार, तिवंधा या बाजूंच्या गल्ल्या वाड्यांच्या भिंतींना खेटून, उतारावरून वळणे घेत नदीकडे जातात. एरवी त्या गावाला पुरतात, पण दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत प्रवेश करतो आणि अवघ्या देशाची पावले त्याच वाटांनी रामकुंडाकडे वळतात, तेव्हा त्यांची मर्यादा उघडी पडते.

या मर्यादेचे सर्वांत भीषण दर्शन १७८९ च्या सिंहस्थात घडले. स्नानाचा पहिला मान कोणाचा, या प्रश्नावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी एकमेकांवर तुटून पडले, आणि त्या संघर्षात १२,००० साधू मृत्युमुखी पडल्याचा उल्लेख पेशवेकालीन ताम्रपटात आहे. आकड्यात अतिशयोक्ती धरली, तरी प्रसंगाचे गांभीर्य उणावत नाही. वाद वरवर मानपानाचा असला, तरी एकाच वेळी एकाच पाण्यापाशी पोहोचू पाहणाऱ्या दोन प्रवाहांचा तो संघट्ट होता. आणि पेशवे सरकारने त्यावर जो तोडगा काढला तो घाट वाढविण्याचा नव्हता. शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात आणि वैष्णवांनी नाशकात रामकुंडात स्नान करावे, अशी वाटणी झाली, आणि ती वहिवाट आजतागायत चालू आहे. नाशिकच्या वाहतूक नियोजनाचा आद्य दाखला शोधावयाचा तर तो या निवाड्यातच सापडेल.

पुढे आगगाडी आली; परंतु नाशिक रोडचे स्थानक शहरापासून सुमारे पाच मैल दूर पडल्यामुळे यात्रेकरूंचा भार टांग्यांवर आला. त्याला जोड म्हणून १८८९ साली मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून स्थानकापर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चार घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नावारूपास आलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंता होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी तिला तोट्यात लोटले आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ती कायमची थांबली. अनेकांना एका गाडीत बसवून, ठरलेल्या वाटेने नेण्याची ही तजवीज नाशिककरांनी मुंबई-आग्रा रस्त्यावर मोटारींची रांग लागण्याच्या कितीतरी आधी अनुभवली होती.

वाटणीचा हा धडा विसरला की काय होते, ते २७ ऑगस्ट २००३ रोजी दिसले. साधूंची मिरवणूक पुढे जाईपर्यंत भाविकांना सरदार चौकाच्या परिसरात, अरुंद उतारावर कठड्यांमागे रोखून धरले होते. उधळलेली नाणी टिपण्यासाठी काही जण धावल्याचे निमित्त झाले, मागचा लोंढा पुढच्यांवर कोसळला आणि ३९ भाविकांचा अंत झाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. चौकशीसाठी रमणी आयोग नेमला गेला, आणि २०१५ च्या सिंहस्थात मिरवणुकीचा मार्ग नव्याने आखला गेला, गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून पुढे एस. टी. बसने आणि मग पायी नेण्याची रीत अवलंबिली गेली, दिशादिशांच्या यात्रेकरूंना निरनिराळे घाट नेमून दिले गेले आणि येण्याची वाट जाण्याच्या वाटेपासून वेगळी केली गेली. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला हा बंदोबस्त इतका कडेकोट झाला की भाविकांना मैलोगणती पायपीट करावी लागली आणि नाशिककर आपल्याच घरात कोंडले गेले. पुढील पर्वण्यांना तो सैल करावा लागला. तरीही २००३ ची पुनरावृत्ती झाली नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

याच्या उलट बाजूस २०१३ साली खुला झालेला, शहरावरून जाणारा लांबलचक उड्डाणपूल उभा आहे. परगावच्या गाड्या त्यावरून निर्वेध निघून जातात. त्याच्याखाली, पुण्याचा रस्ता जेथे मिळतो त्या द्वारका चौकात, खोळंबा मात्र पूर्ववत आहे. रस्ता उंच केल्याने वा रुंद केल्याने गर्दीचे स्थान बदलते. तिचे प्रमाण बदलावयाचे तर वेळ, वाट आणि वाहन यांची वाटणीच करावी लागते, आणि ही वाटणी कोणाच्या तरी मानाला किंवा सोयीला मुरड घातल्याखेरीज होत नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी रुंदीकरणाच्या आराखड्यांनी सुरू झाली आहे. ते आराखडे करणाऱ्यांनी आणि त्यांवर वाद घालणाऱ्या आम्हा नाशिककरांनीही, आपली गाडी घाटापर्यंत नेण्याचा मान आपण सोडणार आहोत काय, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःशी द्यावे.