पण, अक्षहृदय आणि लीळा : मोबाइलवरील खेळांच्या गुणदोषविचाराची वऱ्हाडी पूर्वपीठिका

मोबाइलवरील खेळांच्या गुणवत्तेविषयी आपल्याकडे जी मते व्यक्त होतात, त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पालक, शिक्षक व वृत्तपत्रे यांचे म्हणणे असे की, हे खेळ वेळ व पैसा यांचा नाश करतात. प्रत्यक्ष खेळणाऱ्यांचे मत निराळ्याच गोष्टींवर आधारलेले असते : चित्रे रेखीव आहेत की नाहीत, खेळ मध्येच अडकतो काय, पैसे न मोजता पुढची पायरी गाठता येते की नाही. या दोन मतप्रवाहांची गाठ क्वचितच पडते. कारण एकाच्या दृष्टीने खेळ हा रोग आहे आणि दुसऱ्याच्या दृष्टीने ती एक घडविलेली वस्तू आहे. प्रस्तुत लेखात या वादाचा निवाडा करावयाचा नाही. खेळ पारखण्याची कोणती मापे आपल्या परंपरेत होती हे अचलपूर परिसराशी निगडित वाङ्मयाच्या आधारे पाहावे, आणि ती मापे आजच्या खेळांना लावली असता काय हाती लागते ते तपासावे, एवढाच येथे हेतू आहे.

अचलपूर हे ठिकाण भाषेच्या अभ्यासकास परिचित आहे ते एका सूत्रामुळे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘अचलपुर’ या शब्दातील च व ल यांची अदलाबदल होते, असे स्वतंत्र सूत्र घालून सांगितले आहे. या वर्णविपर्ययातून ‘अलचपुर’ हे रूप सिद्ध झाले. महानुभाव वाङ्मयातील आळजपूर आणि पुढील काळातील एलिचपूर ही रूपे त्याच मालिकेतील होत. या गावाच्या उत्तरेस मेळघाटचे अरण्य आहे. आग्नेयेकडे, त्याच अमरावती जिल्ह्यात, महानुभावांचे रिद्धपूर आणि वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर आहे. खेळाविषयीच्या आपल्या विचाराचे तीन धागे या टापूत एकत्र येतात.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘जुगार’ या शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत ‘द्यूतकार’ या शब्दापर्यंत नेली जाते. द्यूतकार म्हणजे द्यूत खेळणारा. खेळणाऱ्याचे नाव खेळालाच चिकटावे, ही अर्थसंक्रमणाची घटना सूचक आहे : या खेळाची ओळख भाषेने त्याच्या साधनावरून वा नियमावरून ठेवली नाही, तो ज्याला लागला त्या माणसावरून ठेवली. ‘पण’ हा शब्दही असाच. मूळ अर्थ द्यूतात लावलेले द्रव्य. आज आपण अब्रू पणाला लावतो, प्राण पणाला लावतो. पणाची कल्पना द्यूतपटावरून उठून सर्व जीवनव्यवहारात शिरली आहे. ‘काय पणाला लागले आहे ?’ हा खेळाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न मराठी भाषेतच मुरलेला आहे.

दुसरा धागा नलाख्यानाचा. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या, आणि विदर्भाची राजधानी कुंडिनपूर म्हणजेच आजचे कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. निषधराज नल पुष्कराबरोबर द्यूत खेळून राज्य हरतो, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु महाभारतातील या आख्यानात द्यूताचा केवळ निषेध नाही. नल हरतो तेव्हा कली त्याच्या देहात शिरलेला असतो आणि फाशांत द्वापर शिरलेला असतो. म्हणजे हरणाऱ्यास न दिसणारी सत्ता खेळाच्या साधनातच दडलेली असते. पुढे ऋतुपर्ण राजा वाटेतील बेहड्याच्या झाडाची पाने व फळे क्षणात मोजून दाखवितो आणि नलास ‘अक्षहृदय’ ही विद्या देतो. ती प्राप्त होताच कली नलाच्या देहातून निघतो व त्याच बेहड्याचा आश्रय करतो. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाची योजना किती नेमकी आहे ते कळते. बेहडा मेळघाटात आजही आढळतो. नल शेवटी पुन्हा त्याच पुष्कराशी खेळून राज्य परत मिळवितो. द्यूत तेच, प्रतिस्पर्धी तोच. भेद एवढाच की खेळाचे अंतरंग आता खेळणाऱ्यास ज्ञात आहे.

तिसरा धागा रिद्धपूरचा. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकीकत येते. भडोच येथे हरिपाळदेव या नावाने नांदत असता त्यांना द्यूताची आवड होती. एकदा ते मोठी रक्कम हरले. ती फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेजवळ त्यांनी दागिने मागितले आणि तिने ते देण्याचे नाकारले. संसाराचे नाते किती पातळ आहे, याची त्यातून प्रतीती आली. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि रिद्धपुरास गोविंदप्रभूंना भेटले. मराठीतील आद्य गद्यचरित्राचा नायक आपल्या प्रांतात आला त्या मार्गाच्या आरंभी एक हरलेला डाव आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

आणि ज्यांच्याकडे ते आले ते गोविंदप्रभू कसे होते ? त्यांच्या चरित्रातून दिसते ते असे की, रिद्धपुराच्या गल्ल्यांतून हसत, रुसत, कोणाच्याही घरी शिरत, पोराबाळांसारखे खेळत ते हिंडत. गावातील काही लोक त्यास वेड म्हणत. भक्त त्यालाच लीळा म्हणत. एकाच वर्तनावरील ही दोन परीक्षणे आहेत. या खेळात पण नाही, प्रतिस्पर्धी नाही, हार नाही. खेळ खेळण्यातच पुरा होतो. ‘लीळा’ हा शब्द पंथाने चरित्रातील प्रसंगाचे नाव म्हणून स्वीकारला, तेव्हा हा अर्थ त्यात गृहीत होता. भडोचचे द्यूत आणि रिद्धपूरची लीळा ही खेळाच्या दोन टोकांची नावे आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

एवढ्या सामग्रीवरून तीन मापे निष्पन्न होतात. पहिले पणाचे : खेळात काय गमावले जाऊ शकते ? दुसरे अक्षहृदयाचे : खेळ कसा चालतो हे खेळणाऱ्यास कळू शकते काय ? तिसरे लीळेचे : खेळ स्वतःत पुरा होतो, की खेळणाऱ्यास अन्य कोणाच्या कामी लावतो ?

इंग्रजी अमदानीत यांपैकी पहिली दोन मापे कायद्यात उतरली. १८६७ चा सार्वजनिक जुगाराविषयीचा कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा कायदा या दोहोंनी केवळ कौशल्याच्या खेळांस वगळले. स्वातंत्र्योत्तर काळात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद पुढे चालविला. १९६७ मध्ये रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय त्याने दिला. कौशल्य आणि दैव यांच्या तुलनेवर खेळाची प्रत ठरविण्याची ही रीत दीर्घकाळ टिकली. तिसरे माप मात्र कायद्याच्या कक्षेत कधीच आले नाही, आणि ते साहजिकही होते.

मोबाइलच्या काळात ही सारी व्यवस्था कशी डळमळली, ते सारीपाटाच्या उदाहरणावरून दिसते. सारीपाट व पचिशी यांवरून बेतलेल्या खेळाचे १८९६ मध्ये इंग्लंडात ‘लुडो’ या लॅटिन नावाने पेटंट घेण्यात आले. हे नाव व ते सोपे केलेले नियम घेऊन आपलाच पट आपल्याकडे परत आला. आणि २०१६ मध्ये नवी मुंबईतील एका कंपनीने ‘लुडो किंग’ या नावाने तो मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरची कुटुंबे त्यावर एकत्र खेळली, हा त्याचा गुण निःसंशय मान्य केला पाहिजे. परंतु एक फरक मूलगामी आहे. ओसरीवरच्या पटावर फासा खेळणाऱ्याच्या मुठीत असे. तो खोटा असल्याची शंका आली तर उचलून पाहता येई. मोबाइलवर फासा पडल्याचे केवळ चित्र दिसते. दान ठरते ते न दिसणाऱ्या आज्ञावलीत. फाशात द्वापर शिरला आहे की नाही, हे तपासण्याचा मार्गच खेळणाऱ्यापाशी उरत नाही.

पणाचेही तसेच. आजचे बहुसंख्य खेळ फुकट मिळतात, म्हणून त्यांत पण नाही असा समज होतो. २०१२ मध्ये मोबाइलवर आलेल्या ‘कँडी क्रश सागा’ या खेळात पाच ‘लाइफ’ मिळतात. त्या संपल्या की एकेक परत येण्यास अर्धा तास थांबावे, अथवा पैसे द्यावे. येथे प्रतीक्षा हीच विक्रीची वस्तू झाली आहे. ‘लूट बॉक्स’ म्हणजे आत काय निघेल ते न सांगता विकलेली पेटी. तिच्यात द्यूताचे सर्व घटक आहेत, फक्त जिंकलेले द्रव्य बहुधा खेळाबाहेर आणता येत नाही. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये काही खेळांतील अशा पेट्या जुगारात गणल्या. त्यापूर्वी, २०१७ च्या डिसेंबरात, ॲपल कंपनीने आपल्या दुकानातील खेळांवर पेटीतून कोणती वस्तू किती संभवाने निघते ते आधी सांगण्याचे बंधन घातले. अक्षहृदय प्रकट करण्याचीच ही अल्पशी सक्ती होय.

लीळेच्या मापाने पाहता दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. व्हिएतनाममधील एका तरुण कर्त्याचा ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ २०१३ मध्ये आला आणि काही महिन्यांनी जगभर गाजला. २०१४ च्या फेब्रुवारीत, लोक त्याच्या आहारी जात आहेत असे सांगून कर्त्याने तो स्वतःच मागे घेतला. कर्त्यानेच आपल्या कृतीवर दिलेला असा प्रतिकूल अभिप्राय कोणत्याही कलेत विरळा. दुसरे उदाहरण त्याच वर्षीच्या ‘मॉन्युमेंट व्हॅली’चे. काही तासांत संपणारा, देखण्या वास्तुचित्रांचा हा खेळ समीक्षकांनी वाखाणला. परंतु वर्षअखेरीस त्याच्या नव्या भागास अल्प किंमत लावताच अनेकांनी त्यास एकच तारा देऊन राग व्यक्त केला. जो खेळ किंमत उघडपणे सांगतो त्यावर रोष, आणि जो ती लपवितो त्याला ‘फुकट’ म्हणून पसंती, अशी ही विपरीत पारख आहे.

आपल्याकडील सार्वजनिक चर्चा या तपशिलात शिरली नाही. २०१९ मध्ये पब्जी या खेळावर बंदी यावी म्हणून एका शाळकरी मुलाच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली. २ सप्टेंबर २०२० रोजी तो खेळ देशात बंद झाला, पण त्याचे दिलेले कारण देशाच्या सुरक्षिततेचे व माहितीच्या गोपनीयतेचे होते. खेळ म्हणून तो बरा की वाईट, हा प्रश्न अनिर्णीतच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये खेळाच्या अनिवार ओढीस विकारांच्या वर्गीकरणात स्थान दिले. तेही निदान खेळणाऱ्याचे आहे, खेळाचे नव्हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा संमत केला, त्याने पैशांच्या खेळांना मनाई करताना कौशल्य व दैव हा भेदच बाजूस सारला आणि पैशाचा पण हे एकमेव माप ठेवले. घरेदारे बुडविणाऱ्या खेळांपुरते ते माप रास्त आहे. परंतु जेथे पण पैशाचा नसून मुलाच्या झोपेचा, लक्षाचा वा माहितीचा आहे, तेथे ते पोचत नाही. जे खेळ या कायद्याने निषिद्ध नाहीत ते त्यामुळे चांगले ठरतात, असा समज रूढ होण्याचा धोका येथे आहे.

शेवटी एका भाषिक निरीक्षणाकडे लक्ष वेधणे अवश्य वाटते. आज आपल्या घरांत ‘मुलगा खेळायला गेला’ म्हटले की तो मैदानावर आहे असे समजतात, आणि ‘गेम खेळतो आहे’ म्हटले की तो मोबाइलवर आहे असे. एकाच अर्थाच्या दोन शब्दांनी क्षेत्र वाटून घेतले आहे. अर्थभेदाची ही प्रक्रिया स्वाभाविक आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की, ‘खेळ’ या शब्दाभोवती शतकानुशतके जमलेली पण, डाव, दान, लीळा ही विचाराची सामग्री ‘गेम’च्या वाट्यास येत नाही. मग त्याविषयी बोलावयास ‘भारी’, ‘फालतू’ आणि ‘व्यसन’ एवढेच शब्द उरतात, आणि बाप व मुलगा यांच्यात संभाषण न होता केवळ हुज्जत होते.

मुलाच्या हातातील मोबाइल हिसकावून घेणे हा कमळाइसेचा मार्ग आहे. त्याने कर्ज थांबते, परंतु खेळ कळत नाही. त्याच्या शेजारी बसून यात काय पणाला लागले आहे, दान कोण ठरवितो आणि हा खेळ कधी पुरा होतो, हे तीन प्रश्न विचारणे हा ऋतुपर्णाचा मार्ग आहे. बेहड्याची पाने मोजण्यास वेळ लागतो. परंतु कली नलाच्या देहातून निघाला तो शापाने वा बंदीने नव्हे, मोजदादीच्या विद्येने, ही विदर्भाच्या या कथेची साक्ष खेळांच्या परीक्षकाने विसरू नये.