गावाच्या नावाची नोट

श्रोतेहो, नोटेची किंमत किती, असे कुणी विचारले तर आपण म्हणू, तिच्यावर छापली असेल तितकी! पण अमेरिकेत काही जुन्या नोटा अशा आहेत की, दहा डॉलरच्या नोटेला संग्राहक शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर मोजतात. ह्या ‘नॅशनल बँक नोटा’ होत.

१८६१ साली तिकडे यादवी युद्ध पेटले. त्या काळी राज्याराज्यांतल्या बँका आपापल्या नोटा काढीत. खरी कोणती नि खोटी कोणती हे पाहायला दुकानदार छापील पुस्तिका जवळ बाळगीत. बँक बुडाली की नोटेची रद्दी! १८६३ साली कायदा झाला. बँकेने सरकारी कर्जरोखे खजिन्यात तारण ठेवायचे आणि त्या तारणावर नोटा काढायच्या. सरकारला कर्ज मिळाले, लोकांना भरवशाची नोट मिळाली. आता बँक बुडाली तरी तिची नोट बुडत नसे; तारण खजिन्यात होते ना! ठेवीला मात्र असा आधार नव्हता. ठेवींचा केंद्रीय विमा लागू झाला तो १९३४ साली. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या खिशातली नोट तरावी आणि त्याच बँकेतली ठेव बुडावी, असेही होऊ शके.

या नोटांवर बँकेचे नाव, गावाचे नाव, सनदेचा क्रमांक आणि बँकेच्या अध्यक्षाची व कॅशियरची सही असे. १९३५ साली ही पद्धत संपली. परत आलेल्या नोटा सरकारने नष्ट केल्या. म्हणून आज मोल ठरते ते आकड्यावरून नव्हे, तर त्या बँकेच्या किती नोटा उरल्या यावरून. न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकेची नोट तुलनेने सहज मिळते. चार-दोन वर्षांत मिटलेल्या खेड्यातल्या बँकेची मिळता मिळत नाही. मग पाहतात नोटेची स्थिती: घडी, डाग, फाटलेली कड. कुणी हौसेने धुऊन इस्त्री केली, तर जाणकार ते ओळखतो नि किंमत उतरवतो.

शिक्षकबंधुभगिनींनो, यात आपल्यालाही धडा आहे. घरातला जुना कागद सापडला तर तो धुऊ नका, चिकटवू नका. आधी त्यावरचे गाव, साल आणि सही वाचा. बँक गेली, सही करणारा गेला. गावाचे नाव मात्र त्या कागदाने राखले. त्याचे खरे मोल तेच.