क्रॅपीच्या काठीचा तोल

अमेरिकेच्या दक्षिणेकडील तळ्यांत क्रॅपी मासा पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या लांब काठीने धरला जाई. दोरा थेट शेंड्याला बांधलेला. रीळ नाही, त्यामुळे काठी आणि रीळ यांचा तोल जुळवण्याचा प्रश्नही नाही. रीळ घरोघरी पोहोचले ते १९४९ नंतर. टल्सा येथील, तेलविहिरींसाठी स्फोटके बनवणाऱ्या झिरो अवर बॉम्ब कंपनीने झाकणबंद रीळ काढले. हीच पुढे झेबको झाली. १९७०च्या दशकात ग्राफाइटच्या हलक्या काठ्या आल्या. त्यांवर जड रीळ चढवले की मूठ खाली ओढली जाते, मनगट अवघडते. क्रॅपीच्या तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ. हलकासा स्पर्श कळला नाही तर मासा निसटतो, जोराचा हिसका बसला तर ओठच फाटतो. म्हणून तोल खरोखर महत्त्वाचा. रिळाच्या किंचित पुढे, एका बोटावर काठी आडवी स्थिरावली, की जोडी जुळली.