काळ्या रेघेची ऐंशी वर्षे

यंत्राचा इतिहास सांगताना एकाच संशोधकाचे नाव घेऊन मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. वाफेचे यंत्र म्हटले की वॅट, आणि विषय संपला! परंतु प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील वा दुधातील सूक्ष्म पदार्थ हेरणाऱ्या उपकरणांचा इतिहास ही सवय मोडणारा आहे.

१९०२ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे रॉबर्ट वुड हे बारीक रेषा कोरलेल्या धातूच्या पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट पाहत होते. त्यात ध्यानीमनी नसताना काळे पट्टे उमटले. कारण त्यांना सांगता आले नाही. परंतु जे दिसले ते त्यांनी नोंदवून ठेवले. १९४१ साली उगो फानो यांनी त्याचा संबंध धातूच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरींशी जोडला. १९६८ साली जर्मनीत ओटो यांनी, आणि त्याच वर्षी क्रेचमान व रेथर यांनी, काचेच्या लोलकाने ह्या लहरी हव्या तेव्हा उठविण्याची युक्ती शोधली.

युक्ती अशी. लोलकाच्या तळाला सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ, सोन्याचा मुलामा द्यावयाचा. काचेतून टाकलेला प्रकाश त्यावरून परततो. मात्र एका ठराविक कोनात त्याची शक्ती सोन्यातील इलेक्ट्रॉन हिरावून घेतात आणि तेथे काळी रेघ पडते. सोन्याच्या बाहेरील अंगास काही चिकटले की रेघ सरकते. म्हणून तेथे प्रतिपिंड बसवावयाचे व वरून नमुना वाहू द्यावयाचा. प्रतिपिंडाने आपला पदार्थ पकडला, की रेघ सरकलीच! मुरलेला विणकर मागाच्या बदललेल्या आवाजावरून बिघाड ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

१९८३ साली स्वीडनमधील लिंशॉपिंग येथे लीडबर्ग, नीलँडर व लुंडस्ट्रॉम यांनी ह्या मार्गाने प्रतिपिंडांची पकड टिपून दाखविली. १९९० साली बियाकोर हे यंत्र बाजारात आले.

तत्पूर्वी, १९६० च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये यॅलो व बर्सन यांनी किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावून रक्तातील इन्शुलिन मोजले होते. ती थोर कामगिरी होय. पण ती खूण रोज हाताळणारे हात कोणाचे, हे कामगार चळवळीतला माणूस विचारणारच. नव्या रीतीत खूणच लागत नाही. शिवाय दोन रेणू किती वेगाने जुळतात व किती वेगाने सुटतात, हेही घडत असतानाच दिसते. औषधांची पारख, दुधातील प्रतिजैविकांचे अवशेष शोधणे, ही कामे तिने होतात. २०२० साली कोरोना विषाणूचे काटेरी प्रथिन मानवी पेशीला किती घट्ट धरते, तेही असेच मोजले गेले.

वुड यांना त्या वेळी कोणी ‘ह्याचा उपयोग काय?’ असे दरडावले असते, तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. ते द्यावयास ऐंशी वर्षे आणि कित्येक देशांतील माणसे लागली. आज ही यंत्रे महाग आहेत. पण जे इतक्यांच्या श्रमांतून उभे राहिले, ते मोठ्या प्रयोगशाळांच्या दारातच अडून राहू नये. सरकारी दवाखान्याच्या रांगेतील माणसाचाही त्यावर हक्क आहे.